मदत हवी आहे: ब्रेड मशीनमध्ये दूध पावडर आणि बटरऐवजी काय घालू?

मुलीला दुधाची ॲलर्जी असल्याचं निदान झालंय. ब्रेड तिचा अगदी जीव की प्राण, त्यामुळे तो बंद करायचा नाहीये.

माझी नेहमीची कृती: ५०० ग्रॅम ब्रेडचा मैदा, ३२० मिली पाणी, ३० ग्रॅम बटर, दोन मोठे चमचे दूध पावडर, साखर, मीठ आणि ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. बटरचं कोडं मला सुटल्यासारखं वाटतंय. त्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, म्हणून २५ ग्रॅम तेल आणि चमचाभर पाणी जास्त. बरोबर ना?

खरी अडचण दूध पावडरीची आहे. नुसती वगळली तर ब्रेड होतो, पण वरचा पापुद्रा फिकट राहतो आणि दुसऱ्या दिवशी काप कोरडे पडतात. सोया दूध घातलं तर पाण्याइतकंच घ्यायचं की थोडं जास्त? आणि टायमर लावून रात्रभर ते भांड्यात ठेवलेलं चालेल का? साध्या दुधासारखं तेही नासेल अशी मला भीती वाटते.

शिवाय निम्मा मैदा काढून कणीक घालायचा विचार आहे. कोंडा पाणी शोषतो, त्यामुळे गोळा घट्ट होऊन पातं अडखळतं. मळणी सुरू झाल्यावर झाकण उघडून चमचा-चमचा पाणी घालते, पण टायमरवर तेही शक्य नाही. कणकेसाठी सुरुवातीलाच किती पाणी वाढवता? ग्लुटेन पावडर (गव्हातल्या चिवट प्रथिनाची पूड) घालावीच लागते का?

कोणी दुधाशिवाय मऊ ब्रेड करत असेल तर कृपया ग्रॅममध्ये प्रमाण सांगा.