मदत हवी आहे: हेझी (गढूळ, फळांच्या वासाची) आयपीए बिअर घशाशी कडू लागते आणि दोन आठवड्यांत राखाडी पडते

खाडीकाठ
बॉस्टनच्या मित्राची न्यू इंग्लंड आयपीएची (इंडिया पेल एल; हेझी तीच) रेसिपी जशीच्या तशी केली, ग्रॅमभरही बदल नाही. त्याची बिअर आमरसासारखी मऊ. माझीचा वास पहिल्या आठवड्यात छान, पण घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी गोळी विरघळल्यासारखा कोरडा कडूपणा राहतो. दुसऱ्या आठवड्यात पिवळा रंग मळकट राखाडी होतो आणि वास ओल्या पुठ्ठ्यासारखा. सलग तीन बॅचेस हेच. हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) सिट्रा आणि मोझॅइक जातीचे, ड्राय हॉप (न उकळता थेट बिअरमध्ये टाकलेले) लिटरला १५ ग्रॅम. हॉप्स ताजे आहेत, स्वच्छता चोख आहे, तेवढं सोडून बोला. शनिवारी पुढची बॅच लावायची आहे. काय बदलू?

मॅशपीएच
धान्य, यीस्ट, पाणी, भरण्याची पद्धत, यातलं काहीच लिहिलेलं नाही. राहता कुठे? पाणी नळाचं की विकतचं? बाटली की केग (दाबाची बंद टाकी)?

हॉपमळा
१५ ग्रॅम फार होतात. ओरेगन स्टेट विद्यापीठात कॅस्केड हॉप्सवर अभ्यास झालाय. लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे वास त्या प्रमाणात वाढत नाही, उलट लिंबूवर्गीय फळांकडून चहा-पाल्याकडे झुकतो. वर पॉलिफेनॉल्स (तुरट द्रव्यं) वाढतात, घसा खवखवतो तो त्यांनीच. ८ वर या आणि तीन दिवसांत हॉप्स बाहेर काढा.

खाडीकाठ
मित्रही १५ च टाकतो, त्याची खवखवत नाही.
पेल माल्ट ७०%, फ्लेक्ड ओट्स १५, फ्लेक्ड गहू १५. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६७ अंशांवर. ग्रॅव्हिटी (घनता) सुरुवातीला १.०६५, शेवटी १.०१६. यीस्ट वायीस्ट १३१८. बादलीत किण्वन, झाकण उघडून ड्राय हॉप, मग सायफनने दुसऱ्या बादलीत साखरेच्या पाकावर आणि तिथून बाटल्यांत. पाणी नळाचं, ३० लिटर. त्यात रेसिपीप्रमाणे कॅल्शियम क्लोराइड ९ ग्रॅम, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) ४ ग्रॅम. कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोत राहतो, पण त्याचा काय संबंध?

मॅशपीएच
सगळा संबंध तिथेच आहे. बॉस्टनच्या नळाला क्वाबिन जलाशयाचं पाणी येतं. ते मृदू, जवळजवळ कोरं. मित्राचे ९ आणि ४ ग्रॅम त्या कोऱ्या पाण्यासाठी आहेत. ३० लिटरला त्यातून क्लोराइड साधारण १४५ आणि सल्फेट ७५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) मिळतं, म्हणजे हेझीला हवं तसं दोनास एक. सॅन डिएगोच्या पाण्यात कोलोरॅडो नदीचा मोठा वाटा, ते मुळातच खारट आणि सल्फेटवालं. शहराच्या पाणी अहवालातले सल्फेट, क्लोराइड, कॅल्शियम आणि क्षारतेचे आकडे इथे टाका.

खाडीकाठ
सल्फेट १८०, क्लोराइड ९५, कॅल्शियम ६०, क्षारता १२०.

मॅशपीएच
मग बेरीज करा. सल्फेट १८० अधिक ७५, म्हणजे २५५. क्लोराइड ९५ अधिक १४५, म्हणजे २४०. प्रमाण एकास एकावर आलं, वर दोन्ही भरमसाट. सल्फेट कडूपणाला धार लावतं आणि शेवट कोरडा करतं. एवढे क्षार एकत्र आले की तोंडात खडूसारखं लागतं. त्यात क्षारता १२०: स्पार्जच्या (माल्ट धुवायच्या) पाण्याचा पीएच चढा राहतो आणि टरफलातून टॅनिन उतरतं. मॅशचा पीएच किती येतो?

खाडीकाठ
मोजत नाही. मीटर नाही.

यीस्टवाला
पाण्याचा एवढा बाऊ कशाला? रंग राखाडी होतोय हे सगळे विसरलात का? तो ऑक्सिजन आहे. झाकण उघडलं, सायफन केलं, बादलीत ओतलं, बाटल्यांत भरलं: चार वेळा हवा. हेझीला हे अजिबात सोसत नाही, कारण पॉलिफेनॉल्स मुबलक आणि ओट्स, गहू, हॉप्स यांतून येणारं मँगनीज ऑक्सिडेशनला जोर देतं. १९ लिटरचा कॉर्नी केग घ्या, सॅनिटायझरने काठोकाठ भरा, कार्बन डायऑक्साइडने सगळं बाहेर ढकला, मग बंद नळीतून बिअर आत सोडा. पाणी नंतर बघा.

मॅशपीएच
तक्रारी दोन आहेत, कारणंही दोन. राखाडी रंग आणि पुठ्ठा ऑक्सिजनचे, हे शंभर टक्के मान्य. पण कडूपणा पहिल्या आठवड्यापासून आहे, रंग बदलायच्या आधी. केग घेतला तरी तो जाणार नाही.

सॅनडिएगोकर
माझं ऐका, तिथलं पाणी ज्या बिअरला साजतं तीच करा, वेस्ट कोस्ट आयपीए. टेमेक्युलाच्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत विनी सिलुर्झो यांनी डबल आयपीए १९९४ मध्ये केली, ती याच कोरड्या, कडक चवीची. पेल माल्ट ९५%, डेक्सट्रोज ५%, मॅश ६५ अंशांवर, १.०६२ वरून १.०१० पर्यंत. ६० मिनिटांच्या उकळीला मॅग्नम हॉप्स, ४५ आयबीयूपर्यंत (कडूपणाचं माप). ८० अंशांवर व्हर्लपूलमध्ये (उकळीनंतर ढवळताना) सेंटेनियल आणि सिमको लिटरला ३ ग्रॅम, ड्राय हॉप ८ ग्रॅम. यीस्ट यूएस-०५, १९ अंशांवर. तुमच्या नळाच्या पाण्यात जिप्सम फक्त ३ ग्रॅम घाला, सल्फेट २३५ च्या आसपास जाईल, क्लोराइडला हात लावू नका. क्षारता मारायला पूर्ण ३० लिटरला ८८% लॅक्टिक आम्ल ४-५ मिली, पीएच ५.३ येईपर्यंत थोडं थोडं. शेवटी जिलेटिनने नितळ करा.

खाडीकाठ
धन्यवाद, पण मला हेझीच करायची आहे.

हॉपमळा
दोन्ही किनाऱ्यांच्या भांडणात वायव्य अमेरिकेला विसरू नका. वॉशिंग्टन राज्यातल्या यकिमाच्या खोऱ्यात ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तोडणी चालते, तेव्हा ओल्या हॉप्सची बिअर करून बघा. वाळवलेल्याच्या पाच-सहा पट वजन घ्यावं लागतं, कारण त्यात बहुतेक पाणीच असतं, आणि तोडल्यापासून २४ तासांत वापरायचे.

नियमावली
घरी बिअर करायला परवानगी आहे ना? अमेरिकेत संघीय पातळीवर ती १९७८ च्या कायद्याने मिळाली. घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १००. अलाबामा आणि मिसिसिपीने तर २०१३ मध्ये मान्यता दिली.

यीस्टवाला
त्यांनी कॅलिफोर्निया लिहिलंय आणि कायदा विचारलेलाच नाही.

बंदरावरचा
आयपीए मुळात आपल्या मुंबईकडे येणाऱ्या जहाजांसाठी जन्मली. साधी बिअर वाटेत नासायची म्हणून इंग्रजांनी हॉप्स दुप्पट केले.

मॅशपीएच
असं सरसकट म्हणता येत नाही. पोर्टरही जहाजांनी भारतात भरपूर यायची आणि पिण्याजोगी पोचायची. लंडनच्या बो ब्रुअरीतून हॉजसन यांची पेल एल यायची, पुढे इंग्लंडातल्या बर्टन गावच्या ब्रुअरींनी बाजार घेतला. बर्टनच्या पाण्यात जिप्सम ओतप्रोत, म्हणून तिथली पेल एल कोरडी आणि टोकदार. पाण्यावरून गावाची चव ठरते, ती गोष्ट इथेही तीच.

टाकीवाला (पुणे)
आमच्या मायक्रोब्रुअरीत टँकरचं पाणी महिन्यागणिक बदलतं, म्हणून सगळं आरओतून काढतो आणि क्षार शून्यापासून बांधतो. मग रेसिपी बॉस्टनची असो की सॅन डिएगोची, फरक पडत नाही. खाडीकाठ, तुमच्या मित्राचे ९ आणि ४ ग्रॅम आरओच्या पाण्यावर जसेच्या तसे लागू पडतील. हा सगळ्यात सोपा बदल.

खाडीकाठ
हे पटलं. दुकानातलं भरून मिळणारं आरओ चालेल? आणि केग शनिवारपर्यंत होणार नाही, बाटल्यांतच भरायचं आहे.

टाकीवाला (पुणे)
चालेल. टीडीएस मीटरवर २० च्या खाली आलं पाहिजे, जास्त आलं तर त्या यंत्राची मेम्ब्रेन गेली आहे, दुसरीकडून भरा. नळाचं पाणी मिसळणार असाल तर त्यात क्लोरामाइन असतं. ते उकळून लवकर जात नाही. ३० लिटरला पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी विरघळवा, नाहीतर बँडेजसारखा वास येतो. पीएच मीटर मात्र घ्याच. मॅश ५.२ ते ५.३, नमुना गार करून मोजा.

यीस्टवाला
बाटल्याच असतील तर दुसरी बादली रद्द. सायफनही नको, किण्वनाच्या बादलीच्या तळाच्या तोटीला बाटलीभरणीची नळी जोडा आणि बुडापासून भरा. साखर प्रत्येक बाटलीत आधी, ३५५ मिलीला २ ग्रॅम. वर सेंटीमीटरभरच जागा ठेवा. ड्राय हॉप किण्वन चालू असताना, १.०२५ च्या आसपास टाका, म्हणजे झाकण उघडल्यावर शिरलेला ऑक्सिजन यीस्ट खाऊन टाकतं आणि सुटणारा वायू उरलेली हवा बाहेर लोटतो.

मॅशपीएच
यावर माझा आक्षेप आहे. चालू किण्वनात टाकले की बराच वास वायूबरोबर निघून जातो आणि यीस्टबरोबर तळाला बसतो. १४ अंशांपर्यंत गार करून यीस्ट बसू द्यावं आणि मग दोन दिवस ड्राय हॉप. पण त्यांच्याकडे बंद भांडं नाही, त्यामुळे या वेळी तुमचाच मार्ग बरा.

यीस्टवाला
आणि एक धोका. हॉप्समधली एन्झाइम्स उरलेले डेक्सट्रिन (यीस्टला न पचणाऱ्या साखरा) तोडतात, थांबलेलं किण्वन पुन्हा सुरू होतं. १५ ग्रॅमला हमखास. ग्रॅव्हिटी सलग तीन दिवस हलली नाही तरच भरा, नाहीतर बाटल्या फुटतील. भरण्याआधी नमुना झाकून ६० अंशांवर वीस मिनिटं ठेवा, गार करून हुंगा. लोण्याचा वास आला तर आणखी दोन दिवस थांबा.

खाडीकाठ
मॅशपीएच ताई, यीस्टवाले, आभार. ३० लिटर आरओ, तेच क्षार, १.०२५ ला हॉप्स, तोटीवरून बाटल्या. हॉप्स १५ च ठेवू की ८?

टाकीवाला (पुणे)
या बॅचला १५ च. तीन गोष्टी एकदम बदलताय, चौथी बदललीत तर कडूपणा कशाने गेला ते कळणार नाही. भरलेल्या बाटल्यांपैकी एक दहाव्या दिवशी उघडून रंग बघा. पिवळा असेल तर उरलेल्या लगेच फ्रिजमध्ये.