नॅनोकणांचं फिलिंग: २४ तासांच्या चाचणीवर 'सुरक्षित' म्हणायचं का?

निरगुडी: चांदी किंवा झिंक ऑक्साइडचे जंतुनाशक नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) घातलेलं कंपोझिट, म्हणजे दात भरायचं रेझिन, तपासताना बहुतेक वेळा एवढंच केलेलं दिसतं: नमुना ३७ अंशांना २४ तास द्रावणात ठेवायचा, ते द्रावण उंदराच्या एल-९२९ पेशींवर घालायचं आणि एमटीटी या रंगद्रव्याने जिवंत पेशी मोजायच्या. आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ७० टक्क्यांच्या वर जगल्या की पास. ज्या कणांचं कामच वर्षानुवर्षं आयन सोडणं, त्यांची परीक्षा पहिल्याच दिवशी कशी संपते? मला हे अजिबात पटत नाही.

दाढदुखी: पहिल्या दिवसाला कमी लेखू नका. रेझिनमधले न जुळलेले मोनोमर (सुटे राहिलेले रेणू) सर्वात जास्त पहिल्या २४ तासांतच बाहेर पडतात. शिवाय फिलिंग आणि पल्प (दाताचा आतला जिवंत गाभा) यांच्या मध्ये डेंटिन हा दाताचा कठीण थर असतो, म्हणून तर आयएसओ ७४०५ मध्ये डेंटिनचा पडदा ठेवून करायची चाचणी आहे. फिलिंगच्या कडेला पुन्हा कीड लागते, दात परत कोरावा लागतो, हे नुकसान रुग्णाला आजच होतंय. चाचण्या वाढवत बसलो तर ते कोण भरून देणार?

निरगुडी: मोनोमरचं मान्य. चांदीचं गणित वेगळं आहे. पृष्ठभाग झिजेल तसे नवे कण उघडे पडतात, आणि झिंक ऑक्साइड तर आम्लात जास्तच विरघळतं. कीड लागते तिथे आम्लच असतं ना! डेंटिनचं म्हणाल, तर खोल किडीत ते कधी अर्धा मिलिमीटरही उरत नाही. त्यातल्या नलिका १ ते २.५ मायक्रोमीटर रुंद आणि कण १०० नॅनोमीटरहून लहान. वाट मोकळीच आहे.

वेलप्लेट: दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली आहे. एमटीटी पिवळा असतो, जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्माझान करतात आणि ५७० नॅनोमीटरच्या आसपास रंग मोजतात. काही नॅनोकण पेशींशिवायच हा रंग बदलतात, काही स्वतःच प्रकाश शोषतात. म्हणजे मेलेल्या पेशी आकड्यात जिवंत दिसू शकतात. चाचणीच्या प्लेटमधल्या एका ओळीत पेशी न घालता फक्त कण आणि रंग ठेवा. तीही जांभळी झाली तर तुमचे ७० टक्के कशाचे होते? ही ओळ नसलेल्या निकालावर मी विश्वास ठेवत नाही.

दाढदुखी: ही ओळ हवीच, त्यावर वाद नाही. पण निरगुडी, नमुना ५ ते ५५ अंशांच्या पाण्यात आलटूनपालटून बुडवून जुना केला, तर चांदीही कमी होईल. मग पेशी वाचल्या तरी जंतू मरतील का?

निरगुडी: मग त्याच जुन्या नमुन्यावर स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हे किडीचे जंतूही वाढवून बघा. आज जंतू मारल्याचा आकडा ताज्या नमुन्याचा आणि पेशी वाचल्याचा पातळ केलेल्या द्रावणाचा, असे दोन आकडे एका वाक्यात लिहितात. माझा राग त्यावर आहे.

दाढदुखी: एकाच नमुन्यावर दोन्ही, हे मला चालेल. वर्षभर थांबणं मात्र नाही.