दंड नेहमी चुकणाऱ्यालाच होतो का?

नियम मोडणाऱ्याला पदरमोड करून शिक्षा देणारेच समाज टिकवतात, असं म्हटलं जातं. फेर आणि गेश्टर या अर्थशास्त्रज्ञांच्या २००२ च्या प्रयोगात तसं दिसलं खरं. त्यात लोकांना गटाने पैशांचा एक खेळ खेळायला दिला होता. सामाईक निधीत कमी पैसे घालणाऱ्याला दंड करायची मुभा मिळाली आणि सहकार्य वाढलं. दंड करणाऱ्याचेही पैसे जात होते, तरी लोक करत होते.

पण पुढे गेश्टर यांनीच हेरमान आणि थोनी यांच्यासोबत हा खेळ १६ शहरांत घेतला (२००८). तेव्हा अथेन्स, मस्कतसारख्या ठिकाणी भरपूर पैसे घालणाऱ्यांनाही दंड बसला! 'हा कोण मोठा शहाणा लागून गेला' ही चीड आपल्याला चांगलीच ओळखीची आहे.

जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याने कोणाचं काय बिघडवलेलं असतं? तरी त्यांना वाळीत टाकणारे पंच स्वतःला न्यायीच समजतात. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला. मला सर्वांत भयंकर वाटतं ते हे की, अशा कुटुंबाशी बोलणाऱ्यालाही जातपंचायत दंड लावते. म्हणजे शेजारी गप्प बसतात ते त्यांना बहिष्कार पटला म्हणून नव्हे, तर पुढची पाळी आपली येईल या धास्तीने.