मदत हवी आहे: वड्याच्या तेलाचे सगळे नमुने पास कसे?

प्राजू_एमपीएच: वडापावच्या गाड्यांवरून ३० नमुने घेऊन लॅबला दिले. रिपोर्ट आला, तिसाच्या तीस पास! तेल डांबरासारखं होतं, मी स्वतः पाहिलंय. गाईड म्हणतात नमुने घेतानाच घोळ केलास. सोमवारी प्रबंधाचं सबमिशन आहे. काय करू?

रानमेवा: टेस्ट कुठली केली?

प्राजू_एमपीएच: तेलाचीच की!

रानमेवा: अहो, तेलात काय मोजलं? रिपोर्टवर आहे ते जसंच्या तसं टाका.

लाकडी_घाणा: रिफाइंड बंद करा. घाण्याचं शेंगतेल आणा, टेस्टची गरजच नाही.

सुपारी: आला यांचा घाणा! चार दिवस तेच तेल उकळलं की तुमच्या शेंगतेलाचंही वाटोळंच.

लाकडी_घाणा: खाऊन बघा, मग बोला.

प्राजू_एमपीएच: आम्लमूल्य (तेलात सुटी झालेली आम्लं किती ते) आणि खवटपणा, एवढंच लिहिलंय.

रानमेवा: मग घोळ तिथेच. एवढ्यावर तळणीचं तेल पास म्हणता येत नाही. टीपीसी, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्स, तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणारे बिघाडाचे घटक, मोजायला हवं होतं. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा २५ टक्के, १ जुलै २०१८ पासून लागू. आणि रंगावर जाऊ नका, बेसनाचा चुरा जळूनही तेल काळं पडतं. नमुने उरलेत? कशात ठेवलेत?

प्राजू_एमपीएच: पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत. हॉस्टेलच्या खिडकीत.

रानमेवा: उन्हात?! ओतून टाका ते. कुठल्या फूड टेक कॉलेजातून टीपीसी मोजणारा प्रोबवाला मीटर मागून आणा नि गाड्यावर गरम कढईतच मोजा. फक्त घाणा काढल्यावर बुडबुडे पूर्ण थांबू द्या, पाण्याच्या अंशाने आकडा चुकतो.

लाकडी_घाणा: बघा, शेवटी घाण्यावरच आलात ना!

सुपारी: अहो, वड्यांचा घाणा!!

मंजिरी७: एअर फ्रायरमध्ये वडे छान होतात. रेसिपी देऊ का?

सुपारी: ताई, ते वडे नव्हेत, भाजलेले बटाटे.

कढईबहाद्दर: कालच्या तेलात आज नवं ओततात का, हे विचारलंत? आमच्या नाक्यावर कढई कधी रिकामी झालेली पाहिली नाही.

प्राजू_एमपीएच: प्रश्नावलीत नव्हतं ते. आता परत ३० गाड्या फिरू? सोमवारपर्यंत?

रानमेवा: मुदत मागा. नाही मिळाली तर प्रबंधाच्या शीर्षकातलं 'सुरक्षितता' काढून 'आम्लमूल्य' घाला, म्हणजे निदान खोटं तरी होणार नाही.

प्राजू_एमपीएच: शीर्षक मंजूर होऊन सहा महिने झाले.

मंजिरी७: रेसिपी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहे.