खक्खरांचा बाल्कनीतला माणूस आणि पटवर्धनांची लोकल: जास्त एकटं कोण?

चित्रवेडा: चित्रकार भूपेन खक्खरांचं 'यू कान्ट प्लीज ऑल' (1981) हे चित्र नीट बघितलंय का? बाल्कनीत एक नागडा माणूस उभा आहे आणि खाली बाप-लेक-गाढवाची आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट चाललीय. लोकांचं ऐकून बाप-लेकाची काय फरफट होते ते हा वरून बघतोय, आणि माझं ठाम मत आहे की तरीही त्याला त्याच लोकांत जायचंय. आपलं म्हणवून घ्यायची एवढी ओढ मला चित्रकार सुधीर पटवर्धनांच्या चित्रांत दिसत नाही. त्यांच्या लोकलमधे माणसं एका डब्यात असून कुणाला कुणाचं काही नाही.

ठाणेकर: अजिबात पटलं नाही. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करायचे, ही माणसं त्यांना रोज रस्त्यात, स्टेशनवर दिसायची. 'ट्रेन' (1980) मधले लोक दमलेत हो, एकाकी नाहीयेत! बोलत नाहीत म्हणून नातं नाही असं कसं, लोकलमधे तिघं सरकून चौथ्याला जागा देतात ना, तेही न बोलताच. कामगाराला एकाकी म्हटलं की त्याच्या पगाराचा न् घराचा विषयच बाजूला पडतो. 1981 च्या 'प्लेस फॉर पीपल' प्रदर्शनात हे दोघंही होते, तिथे माणूस आला तो त्याच्या जागेसकट.

रेघोटी: ठाणेकर, पगाराचं मान्य, पण चौथी सीट मिळते ती तुम्ही चारचौघांसारखे असलात तर. खक्खर समलिंगी होते आणि दंड संहितेच्या कलम 377 खाली ते प्रेम 2018 पर्यंत गुन्हा होतं, तरी 1982 मधेच त्यांनी 'टू मेन इन बनारस' मधे दोन पुरुषांची मिठी उघड रंगवली. त्या बाल्कनीतून खाली उतरायला काय लागत असेल याचा विचार करा.

ठाणेकर: धाडस होतंच, त्याबद्दल वादच नाही. पण मग त्याला एकटेपणा का म्हणायचं? तो लपलेला नाहीये, अख्ख्या गावासमोर नागडा उभा आहे.

चित्रवेडा: समोर उभं राहणं वेगळं आणि कुणी जवळ घेणं वेगळं. खक्खरांचा 1976 चा प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ घेतलेला माणूस बघा, तोही सरळ आपल्यासमोर उभा आहे, आसपास छोट्या छोट्या प्रसंगांत सगळ्यांचा संसार चाललाय आणि गुच्छ अजून याच्याच हातात आहे.