तुळजापूरहून ज्योत आणून मंडपात घट बसवायचाय, तयारी सांगा

बालाघाट:
यंदा गावचं मंडळ पहिल्यांदाच सार्वजनिक घट बसवतंय. गाव औशाकडचं, तुळजापूरपासून साधारण ६० किलोमीटर. ज्योत पळत आणायची ठरलंय, पोरं २० आहेत. मशाल वाटेत विझू नये म्हणून काय करावं? आणि मंडपातले घट पाचव्या-सहाव्या माळेलाच वास का मारतात?

आराधी:
प्रत्येकाच्या वाट्याला ३ किलोमीटर येतात, पण सलग पळू नका. अर्ध्या किलोमीटरला हात बदला, बाकीचे मागच्या टेम्पोत. आठ-नऊ तास धरा. अमावास्येला दिवेलागणीला निघालात तर पहाटे गावच्या शिवेवर.

मशाली दोन करा. कापड सुतीच, जुनं धोतर उत्तम. टेरिकॉट वितळून हातावर ठिबकतं. घट्ट गुंडाळून तारेनं आवळा. सैल राहिलं की वाऱ्यानं भडकतं आणि लवकर संपतं. गोडेतेलात भिजवून नितळू द्या, मुठीच्या वर पत्र्याची तबकडी बसवा. जळत्या मशालीवर तेल ओतायचं नाही, पेट्रोल-रॉकेल तर मुळीच नाही. दुसरी भिजवलेली मशाल पहिलीवर पेटवायची, मग पहिली उतरवायची.

खरा आधार कंदिलाचा. तुळजापुरातच त्या ज्योतीवर कंदील पेटवून टेम्पोत ठेवा, तेलाच्या कॅनपासून लांब. परतीच्या पावसानं मशाल गेली तरी ज्योत तुटत नाही. टेम्पो कायम पळणाऱ्याच्या मागे, अंगात चमकपट्टीचं जाकीट. हायवेवर नाचायला थांबू नका, ही कळकळीची विनंती.

काळी माती:
वास जादा पाण्याचा. ऑइलपेंट दिलेलं मडकं पाझरत नाही, मग येणारा-जाणारा वरून तांब्या ओततो. काळी माती पाणी धरून ठेवते आणि धान नासतं. कुंभाराकडचं बिनरंगाचं मडकं घ्या. पाझरून ते स्वतःच माती ओली ठेवतं. कमी झालेलं पाणी रोज एकाच माणसानं भरायचं.

पत्रावळीवर चाळलेली माती तीन बोटं, तिच्यात चौथा हिस्सा वाळू. गहू, ज्वारी, करडई, जवस मूठ-मूठ. हरभरा थोडाच, फुगून तोच आधी सडतो. पेरणीचं औषध लावलेलं गुलाबी बियाणं नको; दसऱ्याला हेच धान पोरं टोपीत, कानावर खोचतात. हॅलोजनचा झोत घटावर पडू देऊ नका.

बालाघाट:
नंदादीपाची वात बदलताना दिवा जातो, त्याचं काय?

आराधी:
शेजारी दुसरी समई ठेवा. आधी ती पेटवा, मगच पहिलीची काजळी झाडा. रात्री दोघांची पाळी लावा, पंख्याचं तोंड दिव्याकडं नको.