मदत हवी आहे: दोघांचे पगार, दोघांचं यूपीआय, घरखर्चाचा मेळ कसा बसवावा?

नमस्कार. आम्ही ऐरोलीत भाड्याने राहतो. मी, नवरा, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. माझं ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, नवऱ्याचं महापेला. दोघांचे मिळून हातात 82 हजार येतात, त्याचा पगार 1 तारखेला, माझा 7 ला. घरभाडं 24 हजार. कर्ज नाही, क्रेडिट कार्ड नाही. महिन्याला बारा-तेरा हजार मागे पडतातही. पण जून आला की ते सगळे निघून जातात आणि गणपतीपर्यंत खातं कोरडं होतं. दरवर्षी हेच.

मला दोन बाबतीत सल्ला हवा आहे.

रोजचा खर्च लिहायचा कसा? एसएमएस वाचून आपोआप नोंद करणारी अ‍ॅप्स वापरून पाहिली. अडचण अशी की भाजीवाला, इस्त्रीवाला, रिक्षावाला, पोळीभाजी केंद्र, सगळ्यांच्या क्यूआरवर त्यांची स्वतःची नावं. महिनाअखेरीला यादी उघडली की कुणा म्हात्रेंना 60, कुणा गुप्तांना 35. त्यातली कोथिंबीर कुठली आणि रिक्षा कुठली, पत्ता लागत नाही. अ‍ॅप ते सगळं ‘इतर’मध्ये टाकून मोकळं होतं. सासूबाई दूध, फुलपुडी, मासळी रोखीने घेतात, ते तर कुठेच येत नाही. नवऱ्याला रोज लिहिण्याचा कंटाळा आहे. मी विचारायला गेले की त्याला ती उलटतपासणी वाटते आणि पैशांवरून घरात कुरबुर मला नको आहे.

दुसरं म्हणजे वर्षातून एकदा येणारे खर्च. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट. मग राजापूरला गणपतीला जायचं. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे तिकिटांचे पैसे पावसाळ्याच्या सुरुवातीलाच जातात. त्यात घराचा करार 11 महिन्यांचा, त्यामुळे तो दरवर्षी एक महिना अलीकडे सरकतो आणि यंदा नेमका जूनमध्ये येतोय. शेजारच्या वहिनी भिशीत ये म्हणतात. सासूबाई म्हणतात पाकिटं करून डब्यात ठेव. मला पोस्टाची आरडी बरी वाटते. कुणी प्रत्यक्ष करून पाहिलेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद, नौपाडा

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पैसे तिथे जाताहेत, कोथिंबिरीत नाही. वर्षाचे सगळे मोठे खर्च एका कागदावर लिहा. विमा, गाडीचं सर्व्हिसिंग, दिवाळी, लग्नातले आहेर, काही सोडू नका. बेरजेला बाराने भागा. जो आकडा येईल तो घरभाड्यासारखाच दर महिन्याचा खर्च समजा. तुम्ही ज्याला शिल्लक म्हणता त्यातले बरेचसे पैसे आधीच कुणाचे तरी आहेत असं मला वाटतं.

हे पैसे ठेवायला दुसरं बचत खातं उघडा, दोघांच्या नावावर. त्याला यूपीआय जोडू नका. हे एवढं मात्र नक्की पाळा. खातं फोनवर आलं की ते खर्चाचं खातं झालं.

पोस्टाची आरडी 5 वर्षांची असते आणि 3 वर्षं होईपर्यंत मुदतीआधी बंद करता येत नाही. जूनच्या फीसाठी तिचा उपयोग नाही. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी काही करायचं असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धीची चौकशी करा. वर्षाला किमान 250 रुपये भरून चालू ठेवता येतं. मात्र मुलगी 10 वर्षांची होण्याआधी उघडावं लागतं, म्हणून लांबणीवर टाकू नका.

प्रतिसाद, कोपरखैरणे

रोजच्या खर्चाचं मी सांगतो. क्यूआर स्कॅन केल्यावर रकमेच्या खाली नोट लिहायला जागा असते. तिथे ‘भाजी’, ‘रिक्षा’ एवढा एकच शब्द टाका. नंतर अ‍ॅपच्या हिस्टरीत तो दिसतो.

नवरा तेही करणार नसेल तर यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधलंच छोट्या खर्चाचं पाकीट, वापरा. त्यात एका वेळी जास्तीत जास्त 5,000 ठेवता येतात आणि 1,000 पर्यंतचं पेमेंट पिन न टाकता होतं. दर सोमवारी दोघांनी ठरलेली रक्कम त्यात टाकायची. आमच्याकडे प्रत्येकी 1,200 आहे. चहा, वडापाव, रिक्षा, भाजी सगळं त्यातून. पासबुकात आठवड्याची एकच ओळ उमटते. कुणी काय खाल्लं याची चौकशीच उरत नाही, रविवारपर्यंत पुरलं की झालं. फक्त ऑटो टॉप-अप बंद ठेवा, नाहीतर संपलं की आपोआप भरत राहील आणि मर्यादेला काही अर्थ राहणार नाही.

सासूबाईंना सोमवारीच त्यांची रोख द्या आणि हिशेब मागू नका. त्यांच्या पिढीला पैसे पुरवायला शिकवावं लागत नाही.

प्रतिसाद, कोपरी

लोकलचा पास महिन्याचा काढता की तीन महिन्यांचा? तीन महिन्यांच्या पासाला मासिक पासाच्या 2.7 पट पैसे पडतात, म्हणजे दहा टक्के वाचतात. सहामाहीला 5.4 पट आणि वार्षिकला 10.8 पट, म्हणजे सूट तेवढीच. तेव्हा वर्षाचे पैसे एकदम अडकवण्यात फायदा नाही, तिमाहीच घ्या.

भिशी फीसाठी नको. आपला नंबर जूनमध्येच लागेल याची खात्री नाही, आणि कुणी मध्येच गळालं तर हातात कागद नसतो. मैत्रिणी जमतात, हौसेची एखादी वस्तू होते, तेवढ्यापुरती छान.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. फीचे दोन हप्ते मिळून 46 हजार, पुस्तकं-गणवेश 9, गणपती 18, विमे 22, एजंट धरून करार 8, दिवाळी 15, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग 6, आहेर 8. बेरीज 1,32,000. महिन्याला 11 हजार! नौपाड्याच्या ताईंचं म्हणणं शब्दशः खरं निघालं, आमची खरी शिल्लक दीड-दोन हजारच आहे. नवरा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता. मग यूपीआय लाइटचं त्यानेच काढलं.

आता एक अडचण. मार्च, एप्रिल, मे मिळून 33 हजारच जमतील. जूनमध्ये पहिला हप्ता 23, पुस्तकं 9 आणि करार 8 असे 40 लागणार. हे 7 हजार कुठून आणायचे? आणि पगार वेगवेगळ्या तारखांना येतात, तर खात्यात पैसे कुणी टाकायचे?

प्रतिसाद, नौपाडा

पहिल्या वर्षी असं होतंच. आज बचत खात्यात जे पडलेलं आहे त्यातले 7 हजार खातं उघडतानाच त्यात टाका. तेवढेही नसतील तर शाळेत आताच जाऊन फीचे आणखी हप्ते पाडून मिळतील का ते विचारा. जूनमध्ये गर्दीत कुणी ऐकून घेत नाही, मार्चमध्ये ऐकतात.

पैसे दोघांनीही टाका, आपापल्या पगाराच्या प्रमाणात. बँकेला स्थायी सूचना द्या, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप वळतील: नवऱ्याची 2 तारखेला, तुमची 8 ला. पगार एखादा दिवस उशिरा झाला तर अडकू नये म्हणून एक दिवस पुढे. करार मात्र वहीत वेगळा लिहून ठेवा. तो जूनचा पुढच्या वर्षी मेमध्ये येईल.

धागाकर्ती

शाळेत सोमवारी जाते. बँकेत शनिवारी दोघं जाणार आहोत, हा तिसरा शनिवार आहे, म्हणजे चालू असेल. सुकन्याचा अर्जही आणून ठेवते.